गाणं लागतं कशाला? जात्यापासून मोबाइलपर्यंत, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत पेटी शिकवतो. क्लास सुटायची वाट बघत पालक ओट्यावर बसतात आणि बसल्या बसल्या प्रश्न विचारतात. नातेवाइकांच्या ग्रुपवर वेगळे प्रश्न येतात, गणपतीत मंडळाची पोरं तिसरेच घेऊन येतात. वीस वर्षं तेच ते सांगून झाल्यावर ठरवलं, एकदा लिहून टाकावं आणि पुढच्याला लिंक पाठवावी. प्रश्न ज्यानं जसे विचारले तसेच ठेवलेत. उत्तरं माझी आहेत, काही ठिकाणी जरा तिरकी आहेत.

गाण्यानं पोट भरत नाही. मग माणसाला ते लागतं कशाला?

लागतं, हे फार जुनं आहे. दक्षिण जर्मनीतल्या होले फेल्स गुहेत २००८ साली गिधाडाच्या हाडाची बासरी सापडली. पाच भोकं, आणि वय पस्तीस ते चाळीस हजार वर्षांच्या घरातलं. बाहेर हिमयुग, खायची भ्रांत, आणि आत कुणीतरी हाडाला भोकं पाडत बसलेला. घरच्यांनी त्यालाही "यानं पोट भरणार आहे का" असं ऐकवलं असेलच.

का लागतं यावर शास्त्रज्ञांची अजून भांडणं चालू आहेत. कुणी म्हणतं टोळी एकत्र राहावी म्हणून, कुणी म्हणतं आईचं मुलाशी बोलणं लांबत लांबत गाणं झालं. मी आपला घरातलं बघतो. दळायचं गाणं, मोटेचं गाणं, होडी वल्हवायचं, मूल निजवायचं, नवरीला हळद लावायचं, खंडोबाचं जागरण, पंढरीच्या वाटेवरचे अभंग. सगळ्यांत हात, पाय नाहीतर खांदा गुंतलेला आहे. नुसतं मांडी घालून गाणं ऐकणं ही दरबाराची, देवळाची नाहीतर नाटकाची चैन. सामान्य घरात ती ग्रामोफोन आणि रेडिओबरोबर आली. गाणं हे वापरायची वस्तू आहे, हा माझा धागा पुढंही येत राहील, आधीच सांगून ठेवतो.

जात्यावरच्या ओव्या म्हणजे नक्की काय? आम्ही फक्त पुस्तकात वाचलंय.

मी सहा-सात वर्षांचा असताना आजोळी पाहिलंय. पहाटेचा अंधार, कोनाड्यात चिमणीचा दिवा. आजी आणि मोठी मामी जात्याच्या दोन बाजूंना, एकेक पाय पसरून. एकाच खुंट्यावर दोघींच्या मुठी, वरखाली. आजी मोकळ्या हातानं जोंधळ्याची वैरण, म्हणजे मूठभर दाणे, घालायची, तेवढ्यापुरता जात्याचा आवाज जाडा व्हायचा आणि गाण्याची ओळ खाली दबायची. दाणा फुटून जातं हलकं फिरायला लागलं की ओळ पुन्हा वर. मध्ये मध्ये "बाई", "गं" असे शब्द यायचे. मला वाटायचं त्या एकमेकींना हाका मारतायत. त्या श्वास घ्यायच्या जागा होत्या, हे पेटीचा भाता हातात आल्यावर कळलं.

पुरुषमाणसं झोपलेली असायची, म्हणून जात्याजवळ काहीही बोलता यायचं. भाऊ न्यायला आला नाही, सासूचा जाच, लेक लांब दिली, पाऊस फिरकला नाही, विठ्ठलाची रुक्मिणी का रुसली. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या दोघांनी १९८०च्या दशकापासून गावोगाव फिरून अशा एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया', म्हणजे 'परी', या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी शब्द, आवाज आणि व्हिडिओसकट मिळतात. रात्री घर निजल्यावर ऐका.

गिरणी आली आणि जातं हळदीच्या मुहूर्तापुरतं उरलं. खूप वर्षांनी मी आजीला म्हटलं, एक ओवी म्हण. तिला आठवेना. डोकं हलवत बसली. मग मामीनं कोपऱ्यातलं जातं पुढं ओढलं. आजीनं खुंट्याला हात घातला, रिकामंच दोन फेरे फिरवलं, आणि एकामागून एक अकरा ओव्या. दंडात राहिल्या होत्या.

हल्लीच्या बायकांना ओवी लागत नाही, असं का?

लागते की. व्हॉट्सअॅपचं स्टेटस बघत नाही का तुम्ही? आमच्या नात्यात एक वहिनी आहेत, तोंडातून उणा शब्द निघणार नाही. पण घरात काही बिनसलं की सकाळी सातला स्टेटसवर अर्ध्या मिनिटाचं गाणं, मागे पावसाची खिडकी. सासूबाई बघतात, खाली डोळ्याच्या खुणेपाशी त्यांचं नाव उमटतं, वहिनींना कळतं की पोचलं. दुपारी सासूबाईंच्या स्टेटसला भक्तिगीत, विषय कर्माची फळं. संध्याकाळी दोघी मिळून गवार मोडतात. ओवीचं काम हेच होतं. ज्याला तोंडावर सांगता येत नाही त्याच्या कानावर घालायचं, आणि त्यानं विचारलंच तर म्हणायचं, "छे हो, गाणं आहे नुसतं."

ओवीत मात्र स्वतःच्या भावाचं नाव घालता यायचं, गाव बदलता यायचं. स्टेटसचं गाणं शिवून तयार मिळतं, त्यात आपली सासू बसवता येत नाही. हे मला खटकतं. वहिनींना नाही.

अंगाईनं बाळ खरंच झोपतं का?

झोपतं. जगभरच्या अंगायांत संथ लय आणि तेच तेच शब्द सापडतात. परक्या भाषेतली अंगाई ऐकवली तरी लोकांना ती अंगाई आहे हे बहुधा ओळखता येतं. मोबाइलवर लावून दिली आणि बाळ झोपलं नाही अशी तक्रार माझ्याकडे आणू नका. मोबाइल झोका देत नाही.

गरोदरपणात शास्त्रीय संगीत ऐकलं तर मूल हुशार निपजतं ना?

हा प्रश्न दर दोन महिन्यांनी येतो, म्हणून सविस्तर सांगतो. या समजुतीचं मूळ १९९३च्या एका अमेरिकन प्रयोगात आहे. कॉलेजातली ३६ मुलं घेतली, त्यांना मोझार्टचा दहा मिनिटांचा तुकडा ऐकवला आणि मग कागदाच्या घड्या घालून कापलं तर कसं दिसेल, अशा जातीची कोडी घातली. कोडी थोडी बरी सुटली. पंधरा-एक मिनिटांत परिणाम ओसरला. प्रयोगात बाळं नव्हती, गर्भ तर नव्हताच. पण 'नेचर'सारख्या नियतकालिकात आलं म्हटल्यावर बातमी फुगत गेली. १९९८ साली जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला अशा संगीताची भेट देण्याचा प्रस्ताव मांडला. आपल्याकडे मोझार्टच्या जागी बासरी आणि संतूर आले, आणि दुकान तेच.

खरं आहे ते एवढंच: शेवटच्या तीन महिन्यांत पोटातल्या मुलाला बाहेरचं ऐकू येतं आणि जन्मल्यावर ते आईचा आवाज ओळखतं. तेव्हा आईनं स्वतः गुणगुणावं, बेसूर असलं तरी. पोटाला हेडफोन लावू नयेत.

याच प्रश्नाचं धाकटं भावंड: पेटी शिकली की गणितात मार्क वाढतात का? हो म्हणणं माझ्या फायद्याचं आहे. तरी सांगतो, गणितासाठी गणिताचा क्लास लावा.

आमच्या मंडळात आरतीला सगळे 'फळीवर वंदना' म्हणतात. कुणी ऐकत नाही. काय करू?

मूळ शब्द 'फणिवरबंधना'. फणिवर म्हणजे थोर नाग, आणि तो गणपतीनं कमरेला बांधलेला. पण घरोघरी गणपती बसतो फळीवर, वंदनाही तिथंच होते, म्हणून कानानं आपली सोय करून घेतली. 'वाट पाहे सदना'चं 'वाट पाहे सजणा' तसंच. रामदासांच्या आरतीत सजणा आला कुठून, हा विचार म्हणताना कुणाच्या मनात येत नाही, कारण प्रत्येकानं ती पाच वर्षांचा असताना शेजारच्याच्या तोंडून उचललेली असते. कानावर अनोळखी शब्द आला की मेंदू घरातला ओळखीचा शब्द त्या जागी बसवतो. लिहून ठेवलेलं गाणं असं वाहवत नाही, पण लिहून ठेवलेलं गाणं पाचव्या वर्षी पाठही होत नाही.

सुधारा अवश्य, पण प्रसाद वाटताना. आरती चालू असताना थांबवू नका. तिथं अर्थाच्या पलीकडचं काम चाललेलं असतं. आधी टाळ्या विस्कळीत असतात, दुसऱ्या कडव्यापर्यंत एका लयीत येतात, मग 'जय देव जय देव'ला लय चढते. ज्या शेजाऱ्याशी पार्किंगवरून वर्षभर बोलणं नाही तो हातात झांज घेऊन तुमच्याच ठेक्यावर डोलत असतो. एका लयीत हातपाय हलवले की माणसं नंतर एकमेकांना जास्त मदत करतात, हे प्रयोगांतही दिसलंय. पार्किंगच्या बाबतीत अनंत चतुर्दशीपर्यंत पुरतं.

पूर्वी रेडिओवर सगळं ऐकायला मिळायचं. आता यूट्यूब तेच तेच का ऐकवतं?

पूर्वी सगळं मिळायचं नाही. पूर्वी मंत्री ठरवायचे. बा. वि. केसकर हे आपले मराठी गृहस्थ १९५२ ते १९६२ नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीतावर अतोनात जीव. चित्रपटगीतं हलकी, म्हणून आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार. लोकांनी वाद घातला नाही, काटा फिरवला. रेडिओ सिलोनवर अमीन सयानींचा गीतांचा कार्यक्रम १९५२च्या डिसेंबरात सुरू झाला आणि अख्खा देश समुद्रापलीकडचं स्टेशन लावून बसला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ला सरकारला विविध भारती काढावी लागली.

माझ्या पेटीचीही आकाशवाणीवर १९४० पासून तीसेक वर्षं बंदी होती. वाद्य विलायती, स्वर पट्टीवर ठरलेले, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड त्यातून निघत नाही. आक्षेप खोटा नव्हता. पण गोविंदराव टेंब्यांची पेटी ऐकलेल्या माणसाला तो पटवून द्यायला कुणी धजावलं असेल असं वाटत नाही.

तेव्हा मंत्री कडक, हे खरं. पण त्याच आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं १ एप्रिल १९५५च्या रामनवमीला गीतरामायण सुरू केलं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल, आठवड्याला एक गाणं. वर्षाची ५२ व्हायची, अधिक मास आला म्हणून ५६ झाली. पुढचं गाणं ऐकायला सात दिवस थांबायचं, आणि थांबायचं ते सगळ्या गावानं मिळून.

यूट्यूबचा हिशेब वेगळा आहे. काल जे लावलंत त्याच्यासारखं आज पुढं करायचं. गेल्या दिवाळीत भाचीसाठी मी माकडाचं बडबडगीत लावलं. तीन आठवडे माझ्याकडे भैरवी संपली की माकड यायचं. मंत्र्याला चुकवायला काटा फिरवता यायचा. इथं फिरवायचा काटा म्हणजे आपणच काल दाबलेली बटणं.

गाणं तीन-चार मिनिटांचंच का असतं?

तबकडीमुळे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान गायल्या, तेव्हा दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावायची, मिनिटाला ७८ फेरे. गाणं संपताना त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायच्या. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, आणि तिथल्या माणसाला लेबल कुणाचं लावायचं ते कळायला हवं. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात दरवर्षी ज्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं त्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐका. तासाभराचा राग तीन मिनिटांत, आणि तरी घाई कुठंच नाही.

नंतर लांब वाजणारी तबकडी म्हणजे एलपी आली, कॅसेट आली, जागा वाढली, सवय तीच राहिली. आता स्पॉटिफायवर निदान ३० सेकंद ऐकलं तरच एक 'ऐकणं' मोजलं जातं. म्हणून हल्लीच्या गाण्यांना सुरुवातीचा वाद्यांचा तुकडा नसतो, गायक दारातच उभा असतो. पेटीवाल्यांचं त्यात नुकसान आहे, म्हणून माझं मत या बाबतीत धरू नका.

रील्सनी गाण्याची वाट लावली का?

टिकटॉकवर बंदी आली २९ जून २०२०ला, आणि जुलै उजाडतो न उजाडतो तोच इन्स्टाग्रामनं रील्स आणले. तेव्हापासून मी ऐकतोय की आता गाणं मेलं. मला उलटं दिसतं. पन्नास वर्षं लोक गाणं नुसतं ऐकत होते, आता पुन्हा त्याचं काहीतरी करतायत. कुणी त्यावर भाकरी थापतं, कुणी कांद्याच्या शेतात नाचतं, कुणी बैल रंगवतं. आजोबांच्या वेळच्या गवळणी आणि कोळीगीतं पोरांच्या तोंडी आली ती यामुळेच, आमच्या क्लासमुळे नव्हे.

मेला तो अंतरा. गेल्या वर्षी एक मुलगा आला, अमुक गाणं बसवून द्या म्हणाला. मी मुखडा वाजवला, अंतऱ्याकडे वळलो. तो गोंधळला. "सर, हे काय?" म्हटलं, याच गाण्याचा पुढचा भाग. "पुढं पण आहे?" त्याला पंधरा सेकंदांच्या पलीकडे ते गाणं आहे हेच माहीत नव्हतं. अंतरा ऐकून खूश झाला, हेही सांगायला हवं.

आमच्या तरुणपणीचीच गाणी खरी, नंतरची सगळी भिकार. बरोबर ना?

तुमच्या वडिलांनाही असंच वाटायचं, तुमच्या मुलीलाही वाटेल. साधारण दहा ते तिशीपर्यंतच्या वयातल्या आठवणी माणसाच्या मनात जास्त दाट राहतात, आणि त्या वेळची गाणी त्यांच्याबरोबर. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांनाही ही गाणी फार उशिरापर्यंत साथ देतात. आमच्या गल्लीतले एक गुरुजी मुलाला ओळखत नव्हते, पण शाळेतली प्रार्थना सुरू केली की दुसरी ओळ तेच घ्यायचे, आणि चूक झाली तर रागावायचे.

एक ओळ दिवसभर डोक्यात घोळते. उपाय?

पूर्ण गाणं म्हणून टाका. अर्धवट राहिलेलं जास्त छळतं. एका ब्रिटिश अभ्यासात च्युइंगम चघळल्यानं हा त्रास कमी झाला होता. सुपारी चालेल का, असं विचारू नका.

गाण्यानं कधी काही बदललंय का? की नुसती करमणूक?

१९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. गिरणगावातल्या ज्या चाळींत वर्तमानपत्र पोचत नव्हतं, पोचलं तरी वाचता येत नव्हतं, तिथं डफावर बातमी पोचली. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना पुढाऱ्यांच्या आधी शाहीर उभे राहायचे. भाषणाला येणारा माणूस शाहिरीनं थांबवून ठेवलेला असायचा.

त्याहून लांबचा पल्ला भीमगीतांचा. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) लिहायला-वाचायला मोठेपणी शिकले आणि मग आयुष्यभर गाणी लिहीत गावोगाव गेले. जलशातून आलेलं हे गाणं स्वस्त कॅसेट निघाल्यावर घराघरात शिरलं. रेडिओवर त्याला फारशी जागा नव्हती, मोठ्या दुकानांत नव्हती. एप्रिल आला की रस्त्याकडेला गाडीवर कॅसेटचे ढीग लागायचे. आज तीच परंपरा यूट्यूबवर आहे, स्वतःचे चॅनेल, स्वतःचा स्टुडिओ, कधी रॅपच्या ठेक्यावर. कुणाच्या परवानगीची वाट न बघता ज्यांनी हे माध्यम सर्वांत आधी आपलंसं केलं त्यांत हे गायक आहेत. आमचे शास्त्रीयवाले अजून घराण्यांवरून कमेंटमध्ये भांडतायत.

मिरवणुकीत डीजे किती वाजवता येतो? पोलिसांनी आवाज मोजला तर?

मंडळाच्या पोरांनो, हे नीट वाचा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. राहत्या वस्तीत मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षात १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सूट देऊ शकतं, पण ती वेळेची सूट आहे, शांतता क्षेत्र सोडून. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा, सरकारनं तसा जाहीर केलेला परिसर म्हणजे शांतता क्षेत्र.

आता डेसिबलची गंमत. १० डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दसपट होते. ५५वरून १०५वर गेलात तर दुप्पट नाही, एक लाख पट. स्पीकरच्या भिंतीसमोर छातीत जे धडधडतं ते तुमचं काळीज नसतं. गेल्या वर्षी आमच्या खिडकीची काच तडकली आणि शेजारच्या काकूंना दोन दिवस कानात शिट्टी ऐकू येत होती. ढोल-ताशाही काही कुजबुजत नाही, पण वाजवणाऱ्याचे हात दुखतात आणि तो थांबतो. जनरेटर थांबत नाही.

बारशाचा व्हिडिओ टाकला तर आवाजच उडवला. घरच्या समारंभाला कसला कॉपीराइट?

कायदा आणि यूट्यूब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणं वाजवायला मोकळीक आहे, आणि लग्नाची वरात व लग्नातले इतर सोहळे त्यातच धरलेत. पण ही मोकळीक मांडवात वाजवण्याची. व्हिडिओ करून जगासमोर टाकणं वेगळं. तिथं कंपन्यांनी आपल्या गाण्यांचे नमुने देऊन ठेवलेले असतात, यंत्र जुळवून बघतं आणि आवाज कापतं. तुमचं बारसं आहे की जाहिरात, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

गाणं जुनं आहे म्हणून मोकळं, असंही नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांचा, पण शब्द आणि चालीचा हक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांचा. म्हणजे तबकडी मोकळी आणि तिच्यातलं गाणं बांधलेलं, असं होऊ शकतं. २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला वाटा पूर्ण लिहून देता येत नाही, ही त्यातली चांगली बाजू. सोपा उपाय हवा असेल तर बारशाला आत्याला गायला सांगा. ओवी-पाळण्यावर कुणी दावा लावत नाही.

यूट्यूबवर बघून गाणं किंवा पेटी शिकता येते का?

शंभर वर्षांपूर्वीही लोक असंच विचारायचे, फक्त यूट्यूबच्या जागी शाळा होती. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा फळा-खडूनं गाणं शिकवतात म्हणून हसणारे होतेच. त्यांच्या परंपरेतल्या परीक्षा देऊनच आज आम्ही सगळे 'विशारद' म्हणवतो. तेव्हा मी हसत नाही.

बोटं शिकता येतात. चाल बसवता येते. अडतं ते एका ठिकाणी: आपण चुकतोय हे सांगणारं कुणी नसतं. शिष्य बेसूर झाला की गुरू नुसती मान वर करतो. व्हिडिओतला गुरू हसतच राहतो.

तंबोऱ्याचं तेच. १९७९ साली बंगळूरच्या रॅडेलनं इलेक्ट्रॉनिक तंबोरा काढला, आता तो फुकट अॅपमध्ये आलाय. सोय मोठी आहे, मीही वापरतो. पण मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एकदा जाऊन बसा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे छताला टांगलेले, लाकडाचा भुसा, आणि एक कारागीर तारेखाली सुती दोरा केसभर पुढं, केसभर मागं सरकवतोय. एका जागी तो दोरा येतो आणि तार नुसती वाजायची थांबून गुंजायला लागते. ती जवारी. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. अॅपमध्ये जवारी आधीच लावलेली असते, म्हणून मुलांना ती लागण्याआधीचं कसं वाजतं ते ठाऊकच नसतं.

मुलं परदेशात वाढतायत. मराठी गाणी त्यांच्यापर्यंत कशी पोचवू?

मॉरिशसकडे बघा. १८३४ पासून कोकणातली माणसं तिथं मजुरीला गेली. बोलणं पुढं क्रिओल झालं, पण कोकणातली जाखडी तिथं 'झाकरी' म्हणून आजही नाचतात. कारण सगळ्यांनी मिळून फेर धरावा लागतो. प्लेलिस्ट पाठवून काही होणार नाही. गणपतीत झांज हातात द्या.

मेलेल्या गायकांच्या आवाजात एआय नवी गाणी करतं. हे बरोबर आहे का?

घरच्यांना विचारून आणि पैसे देऊन केलं, तर निदान चोरी नाही. ए. आर. रहमान यांनी २०२४ साली दोन दिवंगत गायकांचे आवाज असे वापरले, कुटुंबांची संमती घेऊन. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंग यांच्या आवाजाची परवानगीशिवाय नक्कल करायला मनाई केली. बाकी मला स्वतःला ते ऐकवत नाही. त्या आवाजाला श्वासच लागत नाही, आणि पेटीवाल्याचं अर्धं लक्ष गायक श्वास कुठं घेतो इकडंच असतं.

घरात जुन्या कॅसेट आहेत. फेकू का?

थांबा. विकत मिळणाऱ्या गाण्यांच्या असतील तर खुशाल फेका, ती गाणी कुठंतरी असतातच. हातानं नाव लिहिलेल्या असतील तर आधी ऐका. बुरशी म्हणजे फितीवर पांढरी पूड दिसली तर प्लेअरमध्ये घालू नका, त्याचं हेड खराब होतं आणि फीतही तुटते, आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. वरच्या कडेच्या दोन छोट्या टिकल्या मोडून टाका, म्हणजे चुकून वर दुसरं रेकॉर्ड होणार नाही. मग प्लेअरच्या हेडफोनच्या छिद्रातून वायर संगणकाला जोडा आणि पूर्ण बाजू चालू द्या. शांत भागही कापू नका.

आमच्याकडे वडिलांच्या भजनी मंडळाची एक कॅसेट होती, १९८६ची. गाणं साधारणच, पखवाज फार पुढं. पण दुसऱ्या बाजूला एका अभंगानंतर टाळ खाली ठेवल्याचा आवाज येतो, कुणीतरी खोकतं, आणि आतल्या खोलीतून आई विचारते, "किती कप टाकू?" वडील म्हणतात, "नऊ." मग पुन्हा टाळ उचलल्याचा आवाज. ताई सध्या पुण्यात असते. तिला मी पूर्ण कॅसेटची फाइल पाठवली होती, तिनं तेवढाच तुकडा कापून फोनची रिंगटोन केलाय.